मदत हवी आहे: बिलियन म्हणजे शंभर कोटी की लाख कोटी?

तासगावात आमच्या दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे, तिथं ट्रायकोडर्माचं (पिकाच्या रोगावर वापरतात ते जैविक औषध) एक बाहेरच्या देशातलं प्रॉडक्ट आलंय आणि त्याचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजी पानावर एका ग्रॅमला २ बिलियन सीएफयू लिहिलंय, मी २०० कोटी धरले, पण घरात आजोबांच्या वेळची डिक्शनरी आहे ती बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख म्हणतीय, म्हणजे लाख कोटी झाले की ओ! त्यात जर्मन पानावर बिलियन नाहीच, मिलियार्डन लिहिलंय. द्राक्षवाले हिशोबाला लई पक्के, एकानं विचारलं तर काय सांगू? आणि २ बिलियन का बिलियन्स तेपण सांगा. उद्या छापायला द्यायचंय.

उत्तर १: २०० कोटीच, बिनधास्त छापा. डिक्शनरी चुकीची नाही, जुनी आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं आणि अमेरिकेत नऊ. १९७४ ला हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान असताना तिथल्या सरकारनं पण नऊवालं घेतलं. त्याच्या आधीचं ब्रिटिश पुस्तक असेल तर मात्र जरा बघून.

उत्तर २: जर्मनमध्ये नऊ शून्यं म्हणजे मिलियार्ड, अनेकवचन मिलियार्डन. म्हणजे तुमची दोन्ही पानं एकच सांगतायत. पण जर्मन मजकुरात बिलियन दिसलं की ते अजून बारा शून्यांचंच, तिथं फसू नका.

उत्तर ३: पुढं आकडा असला की एस लावत नाहीत, टू बिलियन, फिफ्टी बिलियन. मोघम बोलायचं तेव्हा बिलियन्स ऑफ. हंड्रेड, थाउजंड, मिलियनला पण तेच.

उत्तर ४: अब्ज लिहू नका राव. अर्थ बरोबर आहे, अब्ज म्हणजे शंभर कोटीच, पण दुकानात कोण अब्जात बोलतंय. आणि पुढं २०० कोटी जिवाणू पण नको, ट्रायकोडर्मा बुरशी आहे, सीएफयू म्हणजे त्यातले वाढून वसाहत करू शकणारे जिवंत घटक. अजून एक, कुठं २ गुणिले १०चा नववा घात असं लिहिलं असेल तर प्रेसवाल्याला सांगून ठेवा, वरचा बारका ९ खाली आला की १०९ होतंय.

धागाकर्ता: आभारी आहे सगळ्यांचा. उत्तर ४ वाले दादा, इंग्रजी पानाच्या कोपऱ्यात कंपनीनंच २ गुणिले १०९ छापून ठेवलंय ओ. दाजींनी कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाले, २१८ बुरशीला एवढा रेट?