मदत हवी आहे: ओव्हरफ्लोची तपासणी एलएलव्हीएमच्या नेमक्या कोणत्या पासमध्ये (ऑप्टिमायझेशनच्या टप्प्यात) उडते, हे कसं पाहायचं?

नमस्कार मंडळी,

सीमधला एक जुना कोड देखभालीसाठी माझ्याकडे आला आहे. इंटची बेरीज मर्यादेबाहेर गेली का, हे त्यात 'एक्स + १ < एक्स' अशा तुलनेने तपासलं आहे. क्लँगने (एलएलव्हीएमवर उभा असलेला सीचा कंपायलर) -ओ० वर, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, बांधलं की तपासणी चालते, -ओ२ वर, म्हणजे ऑप्टिमायझेशनसह, ती शिल्लकच राहत नाही. साइन्ड ओव्हरफ्लो हे सीमध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे त्याचा परिणाम भाषेने ठरवलेला नाही, त्यामुळे कंपायलरला ती मुभा आहे हे मला माहीत आहे. कोड मी बदलणारच आहे, बहुधा बेरजेसोबत ओव्हरफ्लो झाला का तेही सांगणारं बिल्टिन-अ‍ॅड-ओव्हरफ्लो वापरून. पण अशा तुलना जागोजागी आहेत, आणि कंपायलरने काय पाहून कुठली ओळ काढली हे समजल्याशिवाय त्यांना हात लावायची माझी तयारी नाही.

'क्लँग -एस -एमिट-एलएलव्हीएम -ओ०' ने काढलेल्या आयआरमध्ये (एलएलव्हीएमचं मधलं रूप) अलोका (व्हेरिएबलसाठी मेमरीत जागा), लोड, स्टोअर यांच्या गर्दीत 'आयसीएमपी एसएलटी' ही 'पेक्षा लहान' तुलना स्पष्ट दिसते. तीच फाइल 'ऑप्ट -पासेस=मेम२रेग' ला दिली (ऑप्ट हे आयआरवर निवडक पास चालवणारं साधन, मेम२रेग हा अलोका काढणारा पास), तर अलोका आहेत तिथेच. -ओ२ ला प्रत्येक पासनंतरचा आयआर छापणारं 'प्रिंट-आफ्टर-ऑल' जोडलं, तर एवढा मजकूर येतो की आपलं फंक्शन सापडत नाही. फाइलकडे वळवला तरी तो टर्मिनलवरच येतो. व्हेरिएबलची नावं जाऊन नुसते आकडे उरतात, ते वेगळंच.

कुणी हे नीट केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ऑप्ट काही करत नाही, कारण -ओ० वर क्लँग प्रत्येक फंक्शनला 'ऑप्टनन' (याला ऑप्टिमाइझ करू नका) हे अ‍ॅट्रिब्यूट लावतो. आयआर काढताना '-ओ२ -एक्सक्लँग -डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस' द्या. ऑप्टिमायझेशनच्या आधीचाच कोड मिळेल, पण ऑप्टला त्यावर काम करता येईल. नावांसाठी '-एफनो-डिस्कार्ड-व्हॅल्यू-नेम्स'.

'प्रिंट-आफ्टर-ऑल' सोडा, 'प्रिंट-चेंज्ड' वापरा. ज्या पासने खरंच बदल केला त्याच्याच नंतरचा आयआर छापला जातो. जोडीला 'फिल्टर-प्रिंट-फंक्स=' मध्ये फंक्शनचं नाव. क्लँगला देताना दोन्हींच्या आधी '-एमएलएलव्हीएम' हवं. हा सगळा मजकूर स्टँडर्ड एररवर जातो, म्हणून '२>' ने वळवा.

आता मुख्य गोष्ट. बेरजेची ओळ नीट वाचा, 'अ‍ॅड एनएसडब्ल्यू' असेल. एनएसडब्ल्यू म्हणजे ही बेरीज साइन्ड मर्यादा ओलांडत नाही, अशी क्लँगने आयआरमध्ये दिलेली हमी. एसआरओए या पासने अलोका काढले की बेरीज आणि तुलना थेट जोडल्या जातात, आणि त्यापुढचा जो पास आधी सोपं रूप शोधेल (अर्लीसीएसई, इन्स्टकंबाइन) तो त्या हमीवर तुलनेच्या जागी सरळ 'फॉल्स' ठेवतो. मग ती शाखाही जाते. खात्री करायची तर '-एफरॅपव्ही' देऊन बांधा: एनएसडब्ल्यू नसेल आणि तपासणी टिकेल, फक्त 'एक्स इंटमॅक्सइतका आहे का' अशा रूपात.

मूळ लेखक

दिसलं! एसआरओएनंतर लगेच अर्लीसीएसईमध्ये तुलना गेली. मनापासून आभार. शेजारच्या सी++ फाइलला मात्र हाच फिल्टर लावला तर काहीच छापलं जात नाही.

प्रतिसाद १

तिथे मँगल केलेलं नाव (सी++ कंपायलरने प्रकारांची माहिती जोडून बदललेलं नाव) लागतं. आयआरमध्ये 'डिफाइन'च्या ओळीत @ च्या पुढे जे आहे, ते जसंच्या तसं फिल्टरला द्या.