मदत हवी आहे: जुन्या पुस्तकांची दुकानं आणि निवांत कॉफी (उद्यासाठी!)

कोरा_कागद:
यूट्यूबवर सगळे तीच तीच चार दुकानं दाखवतात, तिथे पुस्तकांपेक्षा फोटो काढणारे जास्त. जुन्या पुस्तकांची खरी दुकानं हवीत आणि जवळपास कॉफी घेत बसायला जागा. साखळी कॅफे सांगू नका प्लीज. उद्याच जायचंय, लवकर सांगा.

रद्दीवाला:
कुठे? धाग्यात शहराचं नाव नाही.

मिसळ_विनापाव:
लंडन असेल तर मॅरिलबोनचं डाँट बुक्स. पुस्तकं देशवार लावलेली असतात, म्हणजे एकाच कपाटात त्या देशाचं प्रवासवर्णन, इतिहास आणि कादंबऱ्या शेजारी शेजारी.

कोरा_कागद:
टोकियो हो! निशी-कासाईत राहते.

फुनाबोरीकर:
मग जिंबोचो, दुसरं काय. तोझाई लाइनने कुदानशिता, तिथून हानझोमोन किंवा शिंजुकू लाइनने एक स्टेशन. चालतही जाता येतं. फुनाबोरीहून तर तोएई शिंजुकू लाइन थेट जिंबोचोला जाते. जुन्या पुस्तकांची शंभरच्या वर दुकानं आहेत. यासुकुनी-दोरी रस्त्याच्या दक्षिण बाजूने चाला, बहुतेक दुकानं तिकडेच. तोंड उत्तरेकडे असलं की पुस्तकांवर ऊन पडत नाही. किंमत शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली असते. बाहेरच्या गाड्यावरची पुस्तकं स्वस्त, आतली जपून हाताळायची: कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका. बाजूची दोन पुस्तकं आत ढकला आणि मधलं मध्यावर धरून काढा.
कॉफीला साबोउरु (1955 पासून) किंवा लाद्रिओ (1949 पासून, व्हिएन्ना कॉफीसाठी प्रसिद्ध). साबोउरुला जिंबोचो स्टेशनच्या A7 दरवाज्याने बाहेर पडा.

दुसरा_कप:
उद्या रविवार आहे हे कोणी बघितलं का? जिंबोचोतली बरीच जुनी दुकानं रविवारी बंद असतात. मॅपवरची वेळ पुरेशी नाही, दुकानाच्या पानावर 'तेइक्यूबी' म्हणजे साप्ताहिक सुट्टी बघायची. आणि साबोउरुसमोर क्रीम सोड्याचे फोटो काढणाऱ्यांची रांग असते, म्हणजे कोका (कोरा_कागद) ज्यातून पळतायत तेच.
निशी-ओगिकुबोला जा. निशी-कासाईहून मिताकाला जाणारी तोझाई पकडली तर गाडी बदलावी लागत नाही. नाकानोपर्यंतची असेल तर नाकानोला उतरून सोबू लाइनची पिवळ्या पट्ट्याची लोकल. तिथलं ओतोवाकान छान निवडलेल्या जुन्या पुस्तकांचं आहे. शांत बसायचं तर फुझ्कुए: बोलायला मनाई, ऑर्डर वाढेल तसे बसायचे पैसे कमी होतात.

फुनाबोरीकर:
बोलायला मनाई असलेल्या जागी जायचं तर घरीच बसा की.

दुसरा_कप:
घरी फोन वाजतो. शिबुयाच्या 1926 पासूनच्या लायन कॅफेमध्येही बोलणं बंदच आहे, लोक स्पीकरकडे तोंड करून शास्त्रीय संगीत ऐकतात. चालतंय की.

रद्दीवाला:
भांडण नंतर. कोका, पुस्तकं कोणत्या भाषेतली? लॅपटॉप घेऊन जाणार का? एकट्याच का? किस्सातेनमध्ये (जुन्या धाटणीच्या जपानी कॉफीच्या दुकानात) माणशी एक ऑर्डर ठरलेली, टेबलं लहान, प्लग नसतात आणि गर्दीत लॅपटॉप उघडला की मालक नाराज. रोख पैसे ठेवाच. लॅपटॉपवाल्यांना रोप्पोंगीचं बुनकित्सु हे पुस्तकांचं दुकान बरं: आत जायची फी, पण कॉफी आणि सेन्चा (हिरवा चहा) हवी तितकी.

कोरा_कागद:
लॅपटॉप नाही. इंग्रजी पुस्तकं, थोडी जपानी चित्रपुस्तकं. बरोबर सहा वर्षांची मुलगी आहे. शाकाहारी आहोत.

रद्दीवाला:
हे आधी सांगायचं! फुझ्कुए, लायन दोन्ही बाद. आणि धूम्रपान चालतं अशी जुनी किस्सातेनही बाद: 2020 च्या नियमांनुसार तिथे 20 वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, दारावर पाटी असते.

फुनाबोरीकर:
म्हणजे जिंबोचोच! A1 दरवाज्याजवळ बुक हाउस कॅफे. मुलांची चित्रपुस्तकं आणि आतच बसायची सोय. जपानी हिशेबाने पहिला मजला, म्हणजे आपला तळमजला. वर किताझावा शोतेन, 1902 पासूनचं, इंग्रजी जुनी पुस्तकं. कॅफे रविवारीही चालू असतं, किताझावाची वेळ मात्र आधी बघा. बंद असेल तर मारुनोउचीच्या मारुझेनमध्ये चौथ्या मजल्यावर इंग्रजी पुस्तकं आणि कॅफेही. ओतेमाची तोझाईवरच आहे, परतीच्या वाटेवर.

दुसरा_कप:
मारुझेन ही साखळीच झाली.

फुनाबोरीकर:
साखळी कॅफे नको म्हणाल्यात त्या. पुस्तकांचं दुकान साखळीचं असलं तर चालेल, नाही का?

मिसळ_विनापाव:
पुस्तकं भारतात पाठवायची असतील तर पोस्टात 'छापील साहित्य' म्हणून पाठवा. एका पाकिटात 5 किलोपर्यंत. आत पत्र घालायचं नाही, नाहीतर ते छापील साहित्यात बसत नाही.

कोरा_कागद:
पाठवायची नाहीत हो, वाचायची आहेत. मुलीला खायला काय मिळेल?

रद्दीवाला:
जिंबोचोची करी प्रसिद्ध, पण तिच्यात बहुधा मांसाचा अर्क असतो, भाजीची म्हणून लिहिली असली तरी. बटर-जॅमचा जाड टोस्ट मागवा. पिझ्झा टोस्ट घेतलात तर आधीच 'हामु नाशी दे' म्हणा, नाहीतर हॅम येतो. सकाळी अकराच्या आत गेलात तर बऱ्याच ठिकाणी कॉफीबरोबर टोस्ट-अंड्याचा मॉर्निंग सेट असतो. अंडं नको असेल तर 'तामागो नाशी दे'.

कोरा_कागद:
बुक हाउस कॅफे ठरलं. A1 ला लिफ्ट आहे का, कोणाला माहीत?