नाताळाच्या झाडाखाली हनुक्काचा दिवा: याला जपणं म्हणायचं की विरघळणं?

अनवाणी:
२००५ च्या हिवाळ्यात बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात 'वाइनुका' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. नाव म्हणजे जर्मन ज्यूंनी स्वतःचीच केलेली थट्टा. वाइनाख्टन म्हणजे नाताळ, त्याला शेपूट हनुक्काचं, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचं. त्या वर्षी हनुक्काचा पहिला दिवा नेमका २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लागणार होता. मी तिथे शिकत होतो, म्हणून गेलो. विषय असा की एकोणिसाव्या शतकात तिथली सुखवस्तू ज्यू घरं दिवाणखान्यात नाताळाचं झाड उभं करू लागली, आणि हनुक्का हा तसा धाकटा सण त्या झाडाच्या बरोबरीला आणता आणता फुगत गेला.

नंतर गेर्शोम शोलेम या ज्यू विद्वानाच्या आठवणी वाचल्या, त्या डोक्यातून जात नाहीत. बर्लिनमधलं छापखानेवाल्यांचं घर. नाताळाला सजवलेलं झाड, भाजलेला हंस, आणि एक नातेवाईक बाई पियानोवर नाताळगीत वाजवणार, कशासाठी तर म्हणे स्वयंपाकीणबाईसाठी. १९११ साली, चौदाव्या वर्षी, त्याला झाडाखाली भेट मिळाली ती काळ्या चौकटीतली हर्झलची, ज्यू राष्ट्राच्या चळवळीच्या पुढाऱ्याची तसबीर! आई म्हणाली, तुला झायोनिझमची (त्याच चळवळीची) आवड आहे ना, म्हणून निवडली. पुढे नाताळ आला की पोरगा घराबाहेर.

याला लोक संगम म्हणतात. मला ती गोड लागणारी शरणागती वाटते. त्यात हनुक्का हा मुळात नकाराचा सण. ग्रीक रीतिरिवाज लादणाऱ्या राजाविरुद्ध इ. स. पू. १६७ मध्ये मक्काबी घराण्यातल्या ज्यूंनी उठाव केला, तीन वर्षांनी जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं, त्याचे हे दिवे. तोच सण नाताळाच्या पंगतीत बसवायचा, वर काचेच्या कपाटात मांडून 'किती गंमतशीर' म्हणायचं?

मुरांबा:
ज्या हर्झलची तसबीर, त्याच्याच घरी काय चाललं होतं ते सांगायचं राहिलं तुमचं. २४ डिसेंबर १८९५, व्हिएन्ना. हर्झल मुलांसाठी झाड उजळत होता आणि दारात शहराचे मुख्य रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ग्युडेमान. रब्बींचा चेहरा पडला. हर्झलने रोजनिशीत लिहिलंय की मी दबणार नाही, हवं तर याला हनुक्काचं झाड म्हणा. दोनच महिन्यांत ज्यू राष्ट्राची मागणी करणारं त्याचं पुस्तक बाजारात आलं. शरणागती पत्करलेला माणूस असा असतो?

आणि मक्काबींचं म्हणाल तर त्यांच्याच वंशजांची नावं बघा: हिर्कानस, अॅरिस्टोब्युलस, अलेक्झांडर. सगळी ग्रीक. नाण्यांवर एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला ग्रीक. हनुक्काला मुलं भोवरा फिरवतात तो जर्मन जुगारातला. इस्राएलात त्या दिवसांत खातात तो जॅम भरलेला तळलेला गोळा बर्लिनचाच. सोवळं शोधायला जाल तर ताटात काही उरणार नाही.

घाटमाथा:
आपल्याकडेही डिसेंबरात सोसायट्यांतून झाडं लागतातच की. कुणी धर्म बदलला?

अनवाणी:
घाटमाथा, फाटे फोडू नका. तुम्ही बहुसंख्य आहात, तुमचं झाड म्हणजे हौस. त्यांचं झाड म्हणजे 'आम्हीही तुमच्यातलेच' असा दाखला होता.

दिवेलागण:
अनवाणींशी सहमत. मला त्या झाडांपेक्षा एक फोटो मोठा वाटतो. कील शहर, १९३१. रब्बी पोस्नर यांच्या घराच्या खिडकीत हनुक्काची नऊ दिव्यांची दीपमाळ, आणि काचेपलीकडे समोरच्या इमारतीवर नाझी झेंडा. फोटो त्यांच्या पत्नी राखेल यांनी काढला. मागे दोन ओळी लिहिल्या: झेंडा म्हणतो ज्यू मरो, दिवा म्हणतो ज्यू जगेल. कुटुंब १९३३ मध्ये जर्मनीतून निघालं, दीपमाळही सोबत. २०२२ मध्ये तीच बर्लिनला नेऊन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पेटवली. माझ्या लेखी जपणं म्हणजे हे.

मुरांबा:
फोटो थरारक आहे, वाद नाही. पण त्यातून 'झाडवाले हरले, दिवेवाले तरले' असा अर्थ काढू नका. शोलेमच्या घरात चार भाऊ. एक कट्टर जर्मन राष्ट्रवादी, एक उदारमतवादी, एक कम्युनिस्ट आणि हा झायोनिस्ट. झाड एकच. कम्युनिस्ट वेर्नर १९४० साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारला गेला, दोघे ऑस्ट्रेलियाला पळाले. मारणाऱ्यांनी कुणाच्या घरी झाड होतं आणि कुणाच्या नव्हतं हे विचारलं नाही.

पेणची पाहुणी:
एवढा वेळ वाचत होते, आता राहवत नाही. आम्ही बेने इस्राएल ज्यू, मूळ कोकणातले. अनवाणी, तुमचा तो नकाराचा सण आमच्या पूर्वजांना माहीतच नव्हता! आमचे लोक त्या घटनेच्या आधीच निघाले होते अशी आमच्यात समजूत. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आला तेव्हा हनुक्का कळला. गंमत म्हणजे आम्ही शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मंदिरातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं म्हणून हे दिवे, आणि तेल गाळणाऱ्यांनाच तेलाचा सण ठाऊक नाही.

आणि विरघळण्यासारखं सगळं होतं की. आडनावं गावांवरून, देवळाला आम्ही मशीद म्हणणार, पुरीम या आमच्या सणाला होळीचा सण. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. १८७४ मध्ये पुण्यात छापलेला वल्हांडणाचा, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाचा ग्रंथ आहे, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. त्यातल्या चित्रात बायका आपल्याकडच्या वेषात, जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करतायत. मला कुठल्याही संग्रहालयातलं एकच चित्र घरी न्यायला मिळालं तर ते नेईन.

अनवाणी:
चित्र मी पाहिलंय, सुंदर आहे. पण ताई, तुमच्या शेजाऱ्यांनी तुम्हाला कधी ढकललं नाही. मलिदा तुम्ही आपखुशीने केलात. जर्मनीत नोकरी, विद्यापीठ, प्रतिष्ठा, सगळ्याचा दरवाजा त्या झाडामागे होता. दोन्ही एकाच तराजूत कशी घालणार?

पेणची पाहुणी:
हे मान्य, कोकणात आम्हाला कुणी त्रास दिला नाही. दरवाजा आम्हाला भेटला तो पुढे, इस्राएलात. तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी आमच्या लोकांचे आजे-पणजे तपासायला सुरुवात केली. आमची माणसं धरणं धरून बसली, १९६४ मध्ये संसदेला ठराव करावा लागला की हे पूर्ण ज्यूच आहेत. शुद्धतेच्या तराजूची भीती मला झाडापेक्षा जास्त वाटते ती यामुळे.

दिवेलागण:
हे माहीत नव्हतं. पण मग काय जपायचं हे ठरवायचं कुणी? प्रत्येक घराने वेगवेगळं?

पेणची पाहुणी:
आमच्या घरी तरी आजीने ठरवलं. आमच्या धर्मात मटणात दूध-दही चालत नाही, म्हणून नारळाचं दूध. शाब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आशीर्वादाला द्राक्षासव कुठून आणणार, म्हणून काळ्या मनुका सकाळपासून भिजत घालायच्या, संध्याकाळी कुस्करून फडक्यातून पिळायच्या. आता वाइनची बाटली सहज मिळते. मी तरी मनुकाच भिजवते, आणि मुलगा दरवेळी म्हणतो, आई, हे जरा जास्तच गोड झालंय.