मदत हवी आहे : बरणीतला लेप मासा नेमका कोणता?

मी धुळ्यात प्राणिशास्त्र शिकवतो. विभागात कोकण सहलीतून आणलेला एक चपटा मासा फॉर्मॅलिनमध्ये आहे. लेबलची शाई पुसली गेली आहे. आमच्या मुलांना तापी-पांझरेचे मासे ओळखीचे, समुद्रतळाशी पडून राहणारे नाहीत. शिरपूरकडची एक मुलगी बरणी पाहून म्हणाली, “सर, याना दोन्ही डोया एकच बाजूले शेतस!” मग पिल्लाचा एक डोळा वाढताना डोक्यावरून दुसऱ्या बाजूला कसा सरकतो, यावरच तास गेला.

मासा १९ सेंटीमीटर. दोन्ही डोळे डावीकडे, छातीचे पर नाहीत, पाठीचा व गुदाचा पर शेपटीला सलग जोडलेले. म्हणजे सायनोग्लॉसिडी, लेप माशांचं कुळ, नक्की. भाकस हा दुसरा चपटा मासा नाही; त्याचा पाठीचा पर डोळ्यांच्या बराच मागे सुरू होतो, तोंडही मोठं, दातेरी असतं. ओठांना झालर नाही, म्हणून याच कुळातली पॅराप्लॅगुसिया प्रजातीही (genus) बाद. उरली सायनोग्लॉसस. डोळ्यांच्या बाजूला दोन पार्श्वरेषा (अंगावरून लांबीला जाणाऱ्या संवेदी रेषा) स्पष्ट दिसतात.

इथे अडलोय. सायनोग्लॉससची कोणती जात, आरेल की मॅक्रोस्टोमस? रंग उडालाय, त्यावर विसंबणं मला पटत नाही. दोन पार्श्वरेषांमधल्या खवल्यांच्या ओळी नेमक्या कुठे मोजायच्या? रेषांवरचे खवले धरायचे का? खवल्यांची कड कंगवेदार की गुळगुळीत, हे जुन्या नमुन्यावर भिंगाने कळेल का? रत्नागिरी, हर्णैकडच्या जाणकारांनी कृपया सांगावं. चुकीचं नाव लिहून मुलांपुढे बरणी ठेवायची नाही.