कवड्या की मण्यार? आणि गावातल्या सापांचा सर्व्हे कसा करतात

सड्यावरचा:
पंचायतीची जैवविविधता नोंदवही अपडेट करायची निघालीय, झाडं मासे लोकांनी पटापट वाटून घेतले आणि सरपटणाऱ्यांचं पान माझ्या गळ्यात पडलं. गाव राजापूर तालुक्यात, अर्धं सड्यावर (जांभ्या दगडाचं उघडं पठार) अर्धं खाली. आजीला विचारून उपयोग नाही, तिच्यासाठी नाग काय नि धामण काय, सगळं "जनावर". परवा रात्री पडवीत काळपट, आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचा दीडेक फुटाचा साप दिसला, भिंतीवरून सरळ वाशात गेला. फोटो हललाय तरी टाकतोय. मण्यार लिहू का? आणि सर्व्हे म्हणजे पकडून मोजायचे की काय??

चिरेखाण:
भिंत चढला ना, मग निम्मा निकाल तिथेच, कवड्या वाटतोय, म्हणजे बिनविषारी. फोटोत पट्टे मानेजवळ ठळक आहेत नि शेपटीकडे पुसट होत गेलेत. मण्यारचं उलटं, मोठ्या सापात पट्टे डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात, बारीक आणि बहुतेक जोडीजोडीने, शेपटीकडे स्पष्ट. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, पण ती बघायला जवळ जाऊ नको, मोबाईल झूम कर. मण्यारच्या पिल्लात पट्टे मानेपर्यंत असू शकतात म्हणून वहीत "कवड्या?" असंच लिही, प्रश्नचिन्हाची लाज नको.

रातकिडा:
पकडायचं नाव काढू नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. एक वाट ठरव, दोघं जा, दर वेळी तेवढाच वेळ फिरा, पाऊस होता का ते लिहा आणि काहीच दिसलं नाही ती रात्र पण लिहा, लोक नेमकी तीच गाळतात. रस्त्यावर चिरडलेले पण मोजा. सड्यावर दगड उलटताना हात घालू नको, खाली फुरसं असतं, छोटा पण विषारी साप. आकड्याने पलीकडची कड उचलून दगड आपल्याकडे कलवायचा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते. मग होता तस्सा परत ठेव, त्याच दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल राहते, हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस, १९६३ साली नाव मिळालेली, आपल्या रत्नागिरी सिंधुदुर्गच्या सड्यांवरची.

घाटमाथा:
मांडूळ दिसलं तर जागा वहीत पण लिहू नकोस, नेटवर तर नाहीच. गुप्तधनवाले दुसऱ्या दिवशी हजर होतात.

सड्यावरचा:
थँक्स सगळ्यांना. काल ७ ते ९ फिरलो, फांदीवर झोपलेले तीन सरडे, टॉर्चमध्ये पोटं पांढरी चमकत होती, बाकी शून्य, तेही लिहिलं. घरी येऊन आजीला फोटो दाखवला तर म्हणते हा होय, हा दर पावसात येतो, वाशातल्या पाली खातो नि जातो. म्हटलं आधी सांगायचंस ना, तर म्हणे तू रजिस्टरचं विचारत होतास.