मदत हवी आहे: वेचणीची मजुरी आणि मत्तय 20

नवापूर तालुक्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) शेतमजुरीवर अभ्यासवर्ग घ्यायचा आहे. मंडळीतलेच काही शेतकरी कापूस वेचणीचे वजन संध्याकाळी काट्यावर करून वहीत लिहितात, पण मजुरी मात्र व्यापाऱ्याचे पैसे आल्यावरच देतात. मजुरी अडवून ठेवू नये असे सांगणारी बायबलमधील वचने, म्हणजे लेवीय 19:13, अनुवाद (बायबलमधील एक पुस्तक) 24:14-15 आणि याकोब 5:4, मी काढून ठेवली आहेत. पोप लिओ तेरावे यांचे 1891 चे 'रेरुम नोवारुम' हे कामगारांच्या प्रश्नावरील परिपत्रकही वाचले, परंतु आमची मंडळी कॅथलिक नसल्याने केवळ त्यावर भागणार नाही. किमान वेतनाचा कायदा ठाऊक आहे, तो येथे नको.

अडचण मत्तय 20 मधील द्राक्षमळ्याच्या दाखल्याची, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेची आहे; तीत धनी उशिरा आलेल्या मजुरांनाही दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी देतो. धन्याने आपल्या पैशाचे हवे ते करावे, एवढेच त्यातून मालक उचलतात. त्याच धन्याने संध्याकाळीच मजुरी चुकती केली, हे कोणी बोलत नाही. मुळात देवाच्या कृपेविषयी असलेला हा दाखला मजुरीच्या व्यवहाराला लावणे कितपत योग्य, आणि मजुराने उधारीला 'चालेल' म्हटले असेल तर अनुवाद 24 मधील, मजुरी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी देण्याची अट शिथिल होते का?