आईच्या अभंगांसाठी चॅनल स्ट्रिप घेऊ का?

दांडियाबाजारवाला:
नमस्कार मंडळी, बडोद्यात आमचं जुनं घर आहे, वरच्या खोलीत आईचे अभंग रेकॉर्ड करतोय. दोन इनपुटचा साधा इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि एक कंडेन्सर माईक, बस. प्रॉब्लेम असा की खालच्या सुरांना आई एकदम हळू गाते आणि तार सप्तकात गेली की लाल दिवा (आवाज फाटतो), गेन (माईकची पातळी) कमी केला की खालचं सगळं पुसट. एक जण वापरलेला डीबीएक्स २८६एस विकतोय, म्हणजे चॅनल स्ट्रिप: प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा), डी-एसर (स-श ची टोचणी कमी करणारा), गेट (हळू आवाज बंद करणारा) सगळं १यू मध्ये, म्हणजे रॅकच्या एका खणाच्या डब्यात. घेऊ का? कॉम्प्युटरवर प्लगइन (हीच कामं करणारी सॉफ्टवेअर) तर आहेतच, आणि मिक्सला (नंतर ट्रॅक जुळवताना) पण चालेल का हा?

पेटीवाला_मांडवी:
थांब जरा. लाल दिवा कन्व्हर्टरपाशी (इंटरफेसमध्ये आवाजाचे आकडे होतात तिथे) लागतो आणि प्लगइन त्याच्यानंतर येतो, म्हणून फाटलेला आवाज प्लगइनने शिवता येत नाही, त्याच्याआधी बसलेला अ‍ॅनालॉग कॉम्प्रेसर वाचवू शकतो हे खरं. पण तू २४ बिटवर (हळू आवाजही नीट पकडणारी सेटिंग) करतोयस ना? मग तार सप्तकातला सगळ्यात मोठा सूर -१२ डीबीच्या (० ला लाल दिवा) आसपास ठेव आणि खालचं बारीक दिसतंय तर दिसू दे, नंतर वर उचल. वेव्हफॉर्म जाड दिसला पाहिजे हा नाद सोड. आणि आईंना सांग वर जाताना माईकपासून वीतभर मागे सरका.

खर्ज_सा:
माझ्याकडे हाच डबा ४ वर्षं आहे. एकदम कामाचा, पण गेट (त्यावर एक्स्पांडर/गेट लिहिलंय) बंदच ठेव भाऊ, सूर सोडतानाची शेपूट आणि मागचा तानपुरा दोन्ही कापतो आणि एकदा कापून रेकॉर्ड झालं की गेलं. कॉम्प्रेसरला ड्राइव्ह आणि डेन्सिटी अशी दोनच बटणं आहेत, सुई... म्हणजे आवाज किती दाबला ते दाखवणारे दिवे ३ डीबीच्या पुढे जाऊ देऊ नकोस. पूर्ण ईक्यू (आवाजाचा जाड-बारीक तोल बदलणारा) त्यात नाही, नुसता एन्हान्सर (आवाजाला उठाव देणारा), तो मी शून्यावरच ठेवतो. आणि आउटपुट पी-३८ ने (पाव इंची जाड पिन) इंटरफेसच्या लाईन इनमध्ये (आधीच वाढवलेल्या सिग्नलसाठीचं इनपुट) दे. मी सुरुवातीला कॅननची (माईकच्या तीन पिनी प्लगची) वायर बनवून माईक इनपुटला दिलं होतं, दोन प्रीअँप एकावर एक, सहा महिने डब्यालाच शिव्या देत होतो.

दांडियाबाजारवाला:
आणि मिक्सचं?

सूरसागरकाठी:
चालतो, पण मोनो आहे. म्हणजे एक ट्रॅक लाईन आउटने बाहेर काढ, डब्यातून फिरवून परत रेकॉर्ड कर, गाणं ६ मिनिटांचं तर ६ मिनिटं बसून राहा, वर परत आलेला ट्रॅक थोडा उशिरा येतो तो सरकव. सेटिंग सेव्ह होत नाही, मोबाईलने बटणांचा फोटो काढून ठेवायचा. हा प्रकार मुळात कन्सोलमधूनच (स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरमधून) आलाय, नीव्ह १०७३ हे १९७० चं मॉड्यूल, प्रीअँप आणि ईक्यू, जुनी कन्सोल मोडली तेव्हा लोकांनी तीच काढून रॅकमध्ये बसवली. त्यांना मोह होणं समजतं. तुझ्या केसमध्ये आधी खोलीत गाद्या-गोधड्या लाव.

दांडियाबाजारवाला:
काल -१२ वर करून बघितलं. एकदाही लाल नाही, आणि खालचा सा वर उचलला तर व्यवस्थित ऐकू आला, फक्त त्याच्याबरोबर पंख्याची घरघर पण वर आली. पंखा बंद केला तर आई म्हणते दोन अभंगांच्या वर गाणार नाही. डबा राहू दे सध्या, बिनआवाजाचा पंखा कोणता ते सांगा.